गुलाबभाऊंचा चंद्रावरचा अड्डा

आधी नाव सांगते, मग गोष्ट. मालेगावात माझं शिलाई मशीन ठेवायला ज्यांनी छपराखाली जागा दिली ते गुलाबभाऊ, मंडप आणि साउंडवाले. माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे इथे कुठे चुकलं तर ते माझं, आणि बरं उतरलं तर ते त्यांचं.

गुलाबभाऊंना वस्तू दिसत नाहीत, ऐकू येतात. भोपळा घेताना सगळेच वाजवून बघतात. गुलाबभाऊ भेंडीसुद्धा वाजवतात. एसटीत चढताना तिच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारतात आणि ड्रायव्हरला सांगतात, "गाडी कारंज्यापावेतो जाईन. फुडचं तुमी पाहा." एकदा बँकेत साहेबांचं टेबल वाजवून म्हणाले, "पोकळ हाय." साहेब आठवडाभर गप्प होते.

मी देवगडकडची. आमचे हे डंपरवर आहेत. रस्त्याच्या कामाबरोबर आम्ही इथवर आलो, मग काम पुढे सरकलं आणि हे त्याच्याबरोबर गेले. पंधरा दिवसांनी येतात, झोपतात, जातात. देवगडच्या सासूबाई अजून हे नाशिककडचं मालेगाव समजून तिथल्या बातम्या ऐकून घाबरतात. मी इथल्या ऐकून घाबरते. भाड्याच्या खोलीत मशीन मावेना, तेव्हा गुलाबभाऊ म्हणाले, "वयनी, माह्या गोडाऊनमंदी कोपरा हाय. तिथं कायदा नाई. पायजे तवा या, पायजे तवा जा." कायदा नाही म्हणणाऱ्या त्या गोडाऊनमध्ये प्रत्येक वायर गुंडाळायची पद्धत ठरलेली होती, आणि उलटी गुंडाळली तर माणूस दिवसभर रुसायचा.

गोडाऊन मात्र त्यांचं नव्हतं. ते बाप्पूसाहेबांचं, म्हणजे आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांचं. देखावा दरवर्षी गुलाबभाऊ करायचे, त्या बदल्यात जागा. या वर्षी बाप्पूसाहेबांच्या भाच्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. ते येऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "गुलाब, तुह्या देखाव्याले मागच्या साली कुत्रं नोतं. या वक्ती लोक नाई थांबले तं विसर्जनाच्या दुसऱ्या दिशी कुलूप दे मले. फुडल्या सालापासून डीजे."

ते गेले आणि माझी सुई बोटात गेली. कोपरा गेला तर मशीन डोक्यावर घेऊन मी कुठे फिरणार? परत देवगड, आणि हे इकडे एकटे.

गुलाबभाऊ वायर गुंडाळत राहिले. आठ दिवसांनी त्यांनी देखावा जाहीर केला. चंद्रावर एक खाण. कंपनी माती उपसून निघून गेली, यंत्रं टाकून गेली, आणि आता तिथे स्मगलरांचा अड्डा. ना पोलीस, ना तहसील.

"चंद्र काहून?" बाप्पूसाहेबांनी विचारलं.

"तो बंद पडलेला खडीचा क्रशर हाय ना किन्हीराजाच्या वाटेवर, त्याचं भंगार भेटलं. बंद खदान तं आपल्यापाशी हायेच. चंद्र तेवढा लावाचा."

"अन् गनपतीपुढं स्मगलर? लोक जोडे मारतीन."

"जोडे मांडवाच्या भाईर काढूनच येतेत लोक. अन् आपल्या वर्गणीदारायत संत कोन हाय, सांगा बरं."

बाप्पूसाहेब विषय बदलून चहा प्यायले.

स्मगलर तीन. सरदार म्हणजे समोसेवाला रमेश, कारण त्याला मिशी होती. दुसरे दामूअण्णा, शाळेचे रिटायर शिपाई, वय सत्तरीचं. तिसरा गुलाबभाऊंचा हमाल शेषराव, त्याला बोलायचं नव्हतं म्हणून तो तयार झाला. कारच्या कव्हरचं चंदेरी कापड आणून मी त्यांचे अंतराळातले झगे शिवले. चेन पाठीमागे ठेवली, तीच माझी चूक. दामूअण्णांना दर अर्ध्या तासाला जावं लागायचं आणि दरवेळी हाक यायची, "पोरी, चंद्र उघड!"

तालमीत बेकायदेशीरपणा काही केल्या जमेना. सरदाराने दामूअण्णांवर पिस्तूल रोखून गरजायचं होतं. रमेश म्हणायचा, "अन्ना, पेटी देता का जी? नाई तं गोळी घालीन म्हनतो."

"अबे, हा अड्डा हाय का सोयरीक?" गुलाबभाऊ ओरडायचे. "कायदा नाई इथं!"

"कायदा नाई, पन अन्ना तं हायेत ना. माह्या बापाले त्यायनं शाळेत बसवलं."

पेट्यांत कसला माल, हे मात्र गुलाबभाऊ कुणाला सांगेनात. रमेशला सोनं हवं होतं. "चंद्रावर सोन्याचं काय करतं बे? कोन्या लग्नात घालतं? जिथं जे भेटत नाई, तिथं तेच चोरून न्यावं लागते." एका मास्तरांनी मध्येच सांगितलं, की चंद्रावर हवा नसल्यामुळे आवाज पोचत नाही, तेव्हा तिथे संवाद म्हणणंच अशास्त्रीय आहे. गुलाबभाऊंचे डोळे असे चमकले की मास्तर मागे सरकले. "म्हनूनच तं स्मगलिंग लागते, सर!"

त्या दिवसांत मी शिवत असताना गुलाबभाऊ मला काहीबाही विचारायचे. तुमच्याकडे लाट येते ती आपटते की घासते? परत जाताना गप्प जाते की कुरकुरते? वाळूवर वेगळी आणि खडकावर वेगळी का? आधी मला वाटलं, वेळ घालवतात. मग राग आला. एक तर मी पृथ्वी सोडून चाललेल्या तीन माणसांचे कपडे शिवतेय, आणि हे मला घराची आठवण काढायला लावतात. तरी मी सांगत गेले. सांगताना बरंही वाटायचं.

पहिल्या खेळाला गर्दी झाली, कारण समोरच्या गल्लीतला डीजे बिघडला होता. बाप्पूसाहेब पुढच्या खुर्चीवर, भाचा शेजारी. मी पडद्यामागे, दामूअण्णांच्या चेनपाशी. पडदा उघडला. क्रशरचा पट्टा, पांढरा मुरूम, वर काळं कापड, कोपऱ्यात गणपती. तीन स्मगलर अड्ड्यात शिरता शिरता दारातच थबकले. गणपती आत होता. तिघांनी वाकून चंद्रावरचे बूट काढले आणि ओळीने लावले.

मग मागून एक आवाज आला, "अन्ना, जोडे सांभाळा! सारे स्मगलरच हायेत आतमंदी!"

मांडव हसून फुटला. बाप्पूसाहेबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं गोडाऊन. त्यात रमेशने पिस्तूल काढलं, दामूअण्णांच्या पाया पडला, "चुकलं-माकलं माफ करा अन्ना" म्हणाला आणि गोळी झाडली. अण्णा पडता पडता त्याला "सुखी राहा" म्हणाले. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. हसणारे, शिट्या मारणारे, पण जाणारा कुणी नाही.

मग सरदाराने पहिली पेटी उघडली. स्पीकरमधून म्हैस पाणी पिताना घुटके घेते तो आवाज आला. रमेशने गेल्या वर्षी म्हैस विकली होती. पेटीत हा आवाज आहे, हे त्याला माहीत नव्हतं. तो मिशीसकट तसाच उभा राहिला, पुढचं वाक्य विसरला. दुसरी पेटी. शाळेत घंटा म्हणून टांगलेल्या रेल्वेरुळाच्या तुकड्यावर पडणारे टोले. मेलेले दामूअण्णा उठून बसले. कुणी हसलं नाही.

तिसरी उघडली आणि समुद्र आला. आमच्या दारचा. लांबून सरसरत येणारा, काठावर सांडणारा, कुरकुरत मागे जाणारा. मी पडद्याचा दोर घट्ट धरला. सोडला असता तर चंद्र खाली आला असता.

चौथ्या पेटीतून फक्त "खट्ट" आलं. पुढे काहीच नाही. लोक वाट बघत राहिले. "साउंड गेला रे गुलाबचा!" कुणीतरी ओरडलं, टाळ्या पडल्या, पडदा ओढला.

त्या दिवशी खेळ पुन्हा लावावा लागला, आणि रोज लोक वाढत गेले. बूट काढायची जागा आली की पोरं आधीच ओरडायची. पाचव्या दिवशी बाप्पूसाहेब भाच्याला म्हणाले, "तू कारंज्याले पाहा जागा." आणि गुलाबभाऊंना, जाता जाता, "कुलूप राहू दे तुह्यापाशीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोडाऊन झाडायला घेतलं. माझ्या कोपऱ्याला आता धोका नव्हता म्हणून जरा जास्तच झाडत होते. साउंडच्या टेबलाखाली मोठं सूप सापडलं आणि सगळीकडे सोयाबीनचे दाणे.

"भाऊ, हा समुद्र?"

त्यांचा चेहरा पकडलेल्या स्मगलरसारखा झाला. "मी कुठं पाह्यला समुद्र, वयनी? तुमी सांगत गेल्या तसा सुपात हालवत गेलो. तूर घेऊन पाह्यली, हरभरा पाह्यला. सोयाबीनच बरा चालते. जमला का पन?"

"भरती जमली. ओहोटी जरा घाईत गेली."

"हात दुखून आले बाप्पा," ते म्हणाले आणि खूश होऊन दाणे वेचायला बसले.

मीही बसले. वेचता वेचता विचारलं, "चौथी पेटी कुणाची होती? तेवढी एक बिघडली."

"बिघडली नाई. ते माही होती."

"पण त्यात काहीच नव्हतं."

"होतं ना. कुलूप काढल्याचा आवाज." ते खाली बघतच बोलत होते. "लोकायच्या घरी मानूस आत गेला का भांडं पडते, लेकरू कोकलते, कोनी म्हनते, आले का. माह्या घरी कुलूप वाजते. त्याच्या फुडं जे हाय, तेच आयकवलं. लोकायले वाटलं वायर निघाली."

मी माझ्या मुठीतले दाणे त्यांच्या सुपात टाकले.

तेव्हा बोलता आलं नाही, पण लिहिता येतं, म्हणून हे लिहिते. गुलाबभाऊ, आमच्या घरात कुणी गप्प बसत नाही. सासूबाई कावळ्यांशी भांडतात, दीर न्हाणीत गातात, जावेची तीन मुलं एकाच वेळी रडतात, आणि या सगळ्यावर बाहेरून समुद्र चालू असतो. आमच्या ह्यांना रजा मिळू दे. एका मे महिन्यात मी तुम्हाला तिकडे नेणार आहे. तुम्ही पडवीत शिरायच्या आत आतून कुणीतरी ओरडेल, "आले काय?" ते मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.