विनापरवाना गप्प राहणेबाबत

आमचे शेजारी गंगाधरअण्णा कुणाशी भांडत नाहीत, नोटीस देतात. तीही जावक क्रमांक टाकून. आम्ही पालमला राहायला आलो त्या वर्षी आमच्या दोडक्याचा वेल त्यांच्या भिंतीवर चढला. लगेच कागद आला : 'विषय : वेलाने केलेल्या अतिक्रमणाबाबत. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कारवाईचा बडगा उगारण्यात येईल.' बायको घाबरली. तिने खुलासा म्हणून चार दोडके पाठवले. संध्याकाळी कागद परत आला, कोपऱ्यात शेरा होता : 'खुलासा समाधानकारक. भाजी चांगली झाली.'

अण्णा कचेरीत कारकून होते. निवृत्तीच्या दिवशी शिक्के तेवढे तिथे राहिले, बाकी सगळी कचेरी ते घरी घेऊन आले.

'बडगा' या शब्दावर तर त्यांचा भारी जीव. रोज सकाळी लाल पेन घेऊन पेपरात तो शोधतात. एकदा कुठल्याशा बातमीत 'बडगा हाणला' असं छापून आलं, तर दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही.

"सर, बडगा उगारायचा असतो. हाणला की ती मारामारी झाली, कारवाई न्हाई! आन् उगारायचा बी कवा? आधी समज, मग ताकीद, मग नोटीस. मग समोरच्याचा खुलासा ऐकायचा. खुलासा न ऐकता उगारला, तर त्याला जुलूम म्हन्तेत."

"तुम्ही नोकरीत किती वेळा उगारलात?"

अण्णांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "वेळच आली न्हाई, सर. ऐकून घेतलं की राग ऱ्हात न्हाई."

गेल्या वर्षी अण्णांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. ज्या काकूंची बडबड भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची, त्या आता दिवसभर खिडकीपाशी बसून राहायच्या. डॉक्टरांनी अण्णांना बजावलं, "रोज बोलतं करा. आता सोडलंत तर वाचा परत यायची नाही."

माणसाला बोलतं करायची एकच रीत अण्णांना ठाऊक होती. एकदा मी गेलो तर ते काकूंसमोर खुर्ची मांडून, चष्मा लावून, खणखणीत आवाजात वाचत होते : "विषय : विनापरवाना गप्प राहणेबाबत. आपण पोखर्णीच्या नरसिंहाला जाण्याचे ठरवून नंतर काहीही कळविलेले नाही. तीन दिवसांत खुलासा करावा. खुलासा तोंडी असावा, लेखी चालणार नाही."

मला हसू आवरेना. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

तीन दिवस गेले. अण्णांनी आठवड्याची मुदतवाढ दिली. मग आणखी एक. दर मुदतवाढीचा कागद वेगळा, आणि प्रत्येक वाचून दाखवायचा. महिना उलटला तेव्हा मी थट्टेनं विचारलं, "आता बडगा का, अण्णा?"

ते चिडले. "खुलासा आल्याबिगर कसा उगारू? तिची बाजू ऐकाया नगं?" मग आवाज खाली आला. "मला तिची बाजू ऐकायचीय, सर. घर लय गप झालंय."

त्यानंतर मी थट्टा केली नाही.

परवा शाळेतून येताना डोकावलो. सातवी मुदतवाढ चालू होती. "अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे समजून..." इथवर अण्णा आले आणि काकूंचे ओठ हलले. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. मोठ्या कष्टानं, वैतागून, एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या, "पु... रे."

अण्णा उठून उभे राहिले. कागद खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही. चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ते काकूंच्या पायाशी खाली बसले, दोन्ही हात जोडले, आणि ज्या माणसानं जन्मभर नुसते हुकूमच लिहिले, तो चक्क विनवू लागला.

"आनखी एकदा म्हन की गं."