साठेमावशींची तंतोतंत माणसं

कुमुद साठे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता. त्यांच्या प्रोफेसरांनी शोधनिबंधावरून त्यांचं नाव काढून टाकलं. कारण दिलं, 'फॉर्म तुम्हीच घरी बसून भरलेत.'

जिला खोटं बोलून साधा फोन टाळता येत नाही, तिच्यावर हा आरोप.

साठेमावशी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कॅम्पस बसमध्ये भेटल्या की 'कशी आहेस' वगैरे नाही. 'आत्ता दहापैकी किती जागी आहेस?' मी म्हटलं सहा, की लगेच, 'सकाळी आठला सहा? काय खाल्लंस?' ड्रायव्हरलाही विचारतात. तो एकदा चार म्हणाला, तर पुढच्याच स्टॉपला उतरल्या.

नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांनी अकरा वर्षं तैपेईत काढली, त्यामुळे चिनी फाडफाड बोलतात. नवरा गेल्यावर इथल्या झोपेच्या लॅबमध्ये लागल्या. माणूस दिवसभर किती तरतरीत असतो हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली आहे. ती चिनीत आणायची आणि तिथेही नीट मोजते का ते तपासायचं, हे त्यांचं काम. 'जेवल्यावर डुलकी लागते का' या एका प्रश्नावरून त्या प्रोफेसरांशी तीन आठवडे भांडल्या. 'अहो, ही माणसं दुपारी ठरवून, उशी घेऊन झोपतात. तुम्ही त्याला लक्षण म्हणणार?'

तपासायची रीत अशी: तोच फॉर्म त्याच माणसाकडून दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायचा. उत्तरं बऱ्यापैकी जुळली, की प्रश्नावली भरवशाची. साठेमावशींनी इथल्याच चिनी म्हाताऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले, आणि त्यांची उत्तरं तंतोतंत जुळली. एक टिक इकडची तिकडे नाही. म्हणून संशय.

मी युनियनची पत्रकं काढते, मला पुरावा लागतो. 'चला मावशी, घरोघरी विचारू,' म्हटलं. त्या बूट घालून तयारच.

पहिलंच घर चेनआजींचं. फ्रिजवर चुंबकाखाली पहिल्या फॉर्मची झेरॉक्स. मी झटकन फोटो काढला आणि विचारलं, हे काय? आजी हसत बोलत होत्या, आणि मावशींचा आवाज भाषांतर करता करता बारीक होत गेला. 'म्हणतायत, आज एक सांगायचं, मग दुसरंच, बरं दिसतं का? कुमुदचं काम बिघडेल. मीच सगळ्यांना सांगितलं, कॉपी काढून ठेवा.'

जिन्यात मी म्हटलं, 'सुटलात. हा फोटो उद्या प्रोफेसरांना.'

'डिलीट कर.'

'मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?'

'त्यांना बोलावून विचारतील गं. आपल्यामुळे हिचं नाव गेलं हे कळलं, तर लाजेनं मला दार उघडायच्या नाहीत.' त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. 'मुलं रविवारी फोन करतात. बाकी सहा दिवस मी कुणाकडे जाऊ?'

फोटो मी डिलीट केला. गप्प बसायचं मात्र कबूल केलं नाही. चेनआजींना मराठी येत नाही, म्हणून इथे, आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहितेय.

तुमच्यातले कितीतरी जण इथल्या विद्यापीठांत आहात, कमिट्यांवर बसता, तुमच्या सहीला वजन आहे. विभागप्रमुखांना पत्र लिहा. म्हाताऱ्यांना बोलावू नका म्हणावं, तपासणी नव्या माणसांवर करा, आणि कुमुद साठे हे नाव होतं तिथे परत छापा. आजच लिहा. इंग्रजीत लिहा. चिनीत एक अक्षरही लिहू नका.