लाल नवरदेव आणि पांढरं मनगट

"बसवनगुडीत दोनच गोष्टी जागच्या हलत नाहीत, एक दगडी नंदी आणि दुसरा माझा निष्कर्ष," अशी आमचे भावोजी हयवदनराव स्वतःची ओळख करून देत. वहाणेची झीज पाहून आपण माणसाचा पगार, पचन आणि सासुरवाडी सांगतो, असंही ते सांगत. त्यांची सगळी हयात एका कचेरीत हजेरीपट तपासण्यात गेली होती. उशिरा येणारे कारकून पकडता पकडता आपण डिटेक्टिव्ह झालो हे त्यांच्या निवृत्तीनंतर लक्षात आलं. इतरांच्या अजून यायचं होतं. मी विद्याधर, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीसाठी बेळगावहून बंगळूरला आलो, अक्काकडे उतरलो आणि राहण्याच्या मोबदल्यात भावोजींचा सहायक झालो. भाड्याची खोली स्वस्त पडली असती.

१९६२ सालच्या मार्चमधली गोष्ट. सोमवारी सकाळीच शेजारच्या अंबुबाई रडवेल्या होऊन आल्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, बिंदुमाधवचा, निश्चितार्थ म्हणजे साखरपुडा गुरुवारी ठरला होता. मुलगी मल्लेश्वरमच्या विश्वेश्वररावांची अहल्या. आणि रविवारी रात्री धडधाकट झोपलेला मुलगा सकाळी लालभडक होऊन उठला होता. अंबुबाईंना देवीची भीती वाटत होती. डॉक्टरला बोलावलं तर गल्लीभर होईल आणि मुलीकडची मंडळी पाऊल मागे घेतील, ही त्याहून मोठी भीती. "हयवदनराव, तुम्हीच स्वल्प बघा हो," त्या म्हणाल्या. भावोजींनी स्वल्प काहीच कधी बघितलं नव्हतं.

बिंदुमाधव खाटेवर ताठ बसला होता. टेकलं की पाठीला नव्हे, मानेला आग होत होती. चेहरा, मान आणि कोपरापासून खालचे हात लाल, तापलेले. गळ्यापाशी शर्टाची गुंडी उघडी राहते तेवढा लाल त्रिकोण, आणि आतलं अंग नेहमीसारखं गोरं. अंगात ताप नव्हता. काल दिवसभर कुठे होतास, असं विचारल्यावर तो 'कचेरीत' म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. रविवारी कचेरी बंद असते हे भावोजींच्या लगेच लक्षात आलं. त्या प्रकरणातला त्यांचा तेवढाच निष्कर्ष बरोबर ठरला.

प्रथम त्यांनी हा रंग असल्याचं जाहीर केलं. कुणीतरी वैऱ्याने झोपेत फासला. खात्री करायला त्यांनी अर्धं लिंबू मागवलं आणि बिंदुमाधवच्या कोपराखाली चोळलं. बिंदुमाधव जो ओरडला, त्यावरून रंग पक्का आहे असा निर्णय झाला.

मग त्यांना डाव्या मनगटावरचा पांढरा पट्टा दिसला. दोर, भावोजी म्हणाले. पोराला पळवून नेऊन खांबाला बांधलं आणि भट्टीसमोर उभं केलं. दोर एकाच हाताला कसा, असं मी विचारलं. दुसरा हात सही करायला मोकळा ठेवला होता, असं उत्तर मिळालं. शर्टाच्या आतलं अंग शाबूत सोडलं, त्याअर्थी गुन्हेगार सभ्य घराण्यातला. बिंदुमाधवने मान हलवून नकार दिला, पण मान हलवणंही त्याला जड जात असल्यामुळे तो नकार धरला गेला नाही.

दुपारपर्यंत त्याच्या डोळ्यांभोवतीचे दोन फिकट गोल आणि कानांपर्यंत गेलेल्या दोन रेघा भावोजींच्या नजरेत आल्या. हा मुखवटा. आता पळवलेला मुलगा दरोडेखोर झाला. चष्मा उशाशीच पडला होता. भावोजींनी तो उचलून बाजूला ठेवला, कारण तो त्यांच्या नजरेच्या आड येत होता. अंबुबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मधूनमधून मुलाला खोबरेल तेल चोळत होत्या, त्याने त्याची आग आणखीच वाढत होती. तो बिचारा कण्हत होता आणि गुरुवारचं काय होणार याची त्याला धास्ती लागली होती, हे मला दिसत होतं. पण सहायकाला दिसलेलं आमच्याकडे पुरावा म्हणून चालत नसे.

मंगळवारी भावोजींनी कळस केला. नवरदेवाचं तोंड बिघडल्याने फायदा कुणाचा, असा प्रश्न स्वतःलाच विचारून ते मल्लेश्वरमला गेले आणि खुद्द विश्वेश्वररावांना, रविवारी रात्री आपण कुठे होतात, असं विचारून आले. त्याचं फळ संध्याकाळी टांग्यातून आलं. विश्वेश्वरराव ठरलेलं मोडायच्या तयारीनेच आले होते. मुलाला काही रोग आहे आणि तो लपवला जातोय, एवढं त्यांना भावोजींच्या बोलण्यातून कळलं होतं. भावोजी दरोड्याबद्दल बोलणार, तेवढ्यात वडिलांच्या मागून अहल्या पुढे आली.

तिने आधी त्याचा हात मागितला, म्हणजे तपासायला. लाल भागावर हलकेच बोट टेकवलं आणि उचललं. तिथे क्षणभर पांढरं उमटलं, मग पुन्हा लाली भरली.

"घड्याळ घालून खेळत होतात?" तिने विचारलं.

बिंदुमाधवने सगळं सांगून टाकलं. मुलगी बघायला गेला तेव्हा, तुम्हाला रिंगटेनिस येतं का, असं तिने विचारलं होतं. ती कॉलेजच्या संघातली. तो हो म्हणून बसला. खरं तर ते रबरी कडं त्याने जन्मात हातात धरलं नव्हतं. म्हणून रविवारी एका मित्राला घेऊन, बाह्या दुमडून, तो दिवसभर उघड्या मैदानावर कडं फेकत राहिला.

"वारा गार होता," तो म्हणाला. "ढगही होते. ऊन लागतंय हे कळलंच नाही."

अहल्या म्हणाली की इथलं ऊन असंच फसवतं, ढगांतूनही भाजतं, आणि लाली दिसते ती रात्री. त्यांच्या संघातली प्रत्येक मुलगी एकदा तरी अशी सोललेली आहे. मग तिने अंबुबाईंच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली. गार पाण्यात पंचा भिजवून अंगावर ठेवायचा, पाणी आणि ताक भरपूर प्यायचं, फोड आले तर फोडायचे नाहीत, साल निघाली तर ओढायची नाही, बरं वाटेपर्यंत उन्हात जायचं नाही. ताप किंवा हुडहुडी भरली, किंवा फोड फार आले, तर मात्र डॉक्टर. लिंबू कुणी चोळलं, असंही तिने विचारलं. भावोजी छताचं निरीक्षण करू लागले.

विश्वेश्वरराव अजून घुश्शात होते. मुलगा खोटं बोलला, ते म्हणाले. अहल्येने पंचा पिळून बिंदुमाधवच्या मानेवर ठेवला.

"येत नाही म्हणाला असतात तर मीच शिकवलं असतं," ती त्याला म्हणाली. "सकाळी सातला. टोपी आणि लांब बाह्यांचा शर्ट घालून."

विश्वेश्वररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि अंबुबाईंना म्हणाले, "सरी, ठीक आहे, कॉफी तरी करा."

गुरुवारी निश्चितार्थ झाला. बिंदुमाधवच्या नाकाची साल निघत होती आणि तो कुणालाही खांद्यावर थोपटू देत नव्हता, पण चेहरा खुशीत होता. पंगतीत भावोजी पाहुण्यांना सांगत होते की सूर्यावर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. फक्त अटक करणं शक्य नव्हतं, कारण आरोपी रविवारी संध्याकाळीच पश्चिमेकडे फरार झाला.

"पण भावोजी," मी म्हटलं, "सोमवारी सकाळी तो परत आला होता की."

"पूर्वेकडून," ते पापड मोडत म्हणाले. "सराईत आहे."