पिराजीची आंघोळ

धोंडुबाई मल्लेशच्या घरी निघाली तेव्हा तिच्या पिशवीत तीन वस्तू होत्या. तेलाची बाटली, ओव्याची पुरचुंडी आणि एक नारळ. तेल-ओवा रोजचाच. नारळ मात्र परत द्यायचा होता.

शिवाजी पेठेत चाळीस वर्षं धोंडुबाईनं बाळंतिणींना न्हाऊ घातलं आणि बाळांची डोकी घडवली. हो, घडवली! लांबट, चपटं, एका बाजूला बसलेलं कसलंही डोकं द्या. पाय लांब करून ती बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि तेलाच्या हातानं रोज दाबून दाबून सवा महिन्यात लिंबासारखं गोल करून द्यायची. "पेठेतली पोरं फुटबॉलला हेड मारत्यात न्हवं, त्यो बॉल सरळ जातोय कशानं? ह्या हातानं!" हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. तिची एक रीत होती. सातवा महिना लागला की घरच्यांनी तिला नारळ द्यायचा. तिनं तो आपल्या देव्हाऱ्यात ठेवायचा आणि बाळाच्या पहिल्या आंघोळीला फोडायचा. अलीकडे दवाखान्यातूनच सांगून पाठवायला लागले, डोकं दाबू नका, नाकात तेल सोडू नका. नारळ येईनासे झाले. गेल्या दोन वर्षांत एकच आला होता, मल्लेशच्या बायकोचा, रक्षिताचा. आणि दसऱ्यानंतर आठव्या दिवशी ते बाळ पोटातच गेलं.

दारात मल्लेशची आई शांतव्वा उभी होती. "आता कशाला न्हाणं, धोंडुबाई? बाळ न्हाय तर बाळंतीण कसली?"

"अंग बाळंत झालंय की तिचं," धोंडुबाई म्हणाली. "अंगाला काय ठावं, बाळ कुठं गेलं ते."

शांतव्वा बाजूला झाली. आत रक्षिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. धोंडुबाईनं तिला तेल लावलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, भरून आलेल्या छातीला घट्ट फडकं बांधलं. पोरगी रडली नाही. फक्त एकदा पुटपुटली, "दसऱ्याला तोरण लावाया स्टुलावर चढलते मी, मावशी." धोंडुबाईनं फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. अशा वेळी नारळ कसा काढायचा? तो पिशवीतून तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. पुढं तो पिशवीतच राहायला लागला.

दिवाळीत मल्लेशनं दुकानातून बुटाचा खोका आणला. घरालाच लागून त्याचं पेंड-भुशाचं दुकान होतं. जयसिंगपूरच्या एका गिऱ्हाइकानं त्याला सांगितलं होतं की घरात कासव आलं की घर सावरतं, आणि नुसतं सांगून न थांबता कासवही दिलं होतं. तळहाताएवढं. काळ्याभोर पाठीवर पिवळ्या चांदण्या. "कोरड्यातलं हाय म्हणला. पाण्यात सोडायचं न्हाय, बुडून मरतंय," मल्लेश म्हणाला.

बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच रक्षिता उठून बसली. तिनं ते उचललं. कासवानं मान आत घेतली.

"माझा मालक असाच होता," धोंडुबाई म्हणाली. "हाक मारली की मान आत. पिराजीच म्हणा ह्याला."

धोंडुबाईला ह्या जगात फक्त एकच काम येत होतं, आणि आता समोर एक बाळ होतं. मग काय विचारता! सवा महिना संपला तरी ती येत राहिली. पिराजीला रोज खोबरेल तेलानं चोळू लागली. शेगडीजवळ खोका ठेवून शेक दिला. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली; पिराजी आत गेला की म्हणायची, "लाजतंय बघ कसं!" सहाणेवर बदाम-खारीक उगाळून म्हशीच्या दुधातून गुटी चाटवली. आंघोळ तेवढी नाही. ते बुडून मरायचं प्रकरण तिनं फार मनावर घेतलं होतं, खोक्यावर पाण्याचा शिंतोडा उडू देत नव्हती. शांतव्वा रोज शिवपूजा झाली की उरलेली विभूती पिराजीच्या पाठीवर ओढायची. "शिवाच्या देवळात नंदीच्या म्होरं कासवच असतंय की," म्हणायची. मल्लेश दर सोमवारी त्याला दुकानाच्या तराजूत घालून वजन सांगायचा. वजन वाढत होतं आणि रक्षिता वजन ऐकायला दारापर्यंत येत होती.

संक्रांतीला धोंडुबाईच्या बोटांना काहीतरी लागलं. पाठीवरची एकेक चांदणी वर उचलली जात होती. शिवरात्रीपर्यंत तिथं लहान लहान मोदक मांडल्यासारखे उंचवटे झाले. धोंडुबाई हसली. चपट्या डोक्यांना न घाबरलेली बाई पाठीला घाबरते होय? ती रोज सकाळी अंगठ्यांनी एकेक मोदक दाबायला लागली.

"बसलं का वं मावशी?" रक्षिता विचारायची.

"बसतंय की. आज जरा बसलंय."

कुठलं बसतंय! उलट वाढतच होतं. रक्षिताचा चेहरा पुन्हा उतरायला लागला. एकदा ती हळूच म्हणाली, "माझ्या हाताला काय आलं की ते बिघडतंयच." हे ऐकलं आणि धोंडुबाईनं मनाशी गाठ मारली, काय वाटेल ते झालं तरी ही पाठ सरळ करायची. दूध-बदाम कमी पडतंय असं तिला वाटलं. म्हणून तिनं आणखी एक गोष्ट सुरू केली, जी ह्या घरात करायला नको होती. पदराखाली लपवून ती उकडलेलं अंडं आणायला लागली. लिंगायताचं घर, सोवळ्यातलं स्वयंपाकघर, आणि शेगडीमागं अंडं! रक्षितानं एकदा बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी शांतव्वा शेगडी हलवायला गेली आणि किंचाळली.

"अय्यय्यो! पिराजीनं अंडं दिलं!"

तिच्या हातात पांढऱ्या टरफलाचे दोन तुकडे होते. धोंडुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर घर बाटलं, गप्प बसावं तर पिराजी लेकुरवाळा झाला. ती गप्प बसली. शांतव्वानं तोवर गल्लीला हाळी दिली होती. दहा मिनिटांत पाच-सहा बायका जमल्या. कुणी हळदीकुंकू आणलं, कुणी पिराजीपुढं साखर ठेवली.

"पिराजी न्हाय, पिराबाई म्हणा आता!"

"लक्षुमीच्या पावलानं आलंय गं बया."

आणि कोपऱ्यात उभी असलेली रक्षिता पदर तोंडाला लावून हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. धोंडुबाईनं ते बघितलं आणि तिला वाटलं, चालू दे. होऊ दे पिराबाई. तेवढ्यात शेजारची शालूबाई टरफल उलटंपालटं करत म्हणाली, "पण अंडं तर फुटलंय की. मग पिल्लू कुठं गेलं?"

शालूबाईनं जीभ चावली. रक्षिताचं हसू पदराआडच विझलं आणि ती भिंतीकडे वळली.

"पिल्लू कुठलं!" धोंडुबाई मोठ्यानं ओरडली. "कोंबडीचं अंडं हाय ते. म्या आणलंतं, चोरून. काय बोलायचं ते मला बोला!"

मग काय बोलायचं ते सगळं शांतव्वा बोलली. मराठीत सुरू केलं, मराठी अपुरी पडली तेव्हा कानडीत बोलली. स्वयंपाकघर तीनदा धुतलं गेलं. त्या गडबडीत शालूबाई कुणाला तरी म्हणत होती, "पण ह्याच्या पाठीला हे काय? गळवं आल्यागत दिसतंय." रक्षितानं ते ऐकलं. ती उठली, तिनं पायात चपला घातल्या आणि खोका उचलला. "मी दवाखान्यात चाललेय," म्हणाली. बाळंतपणानंतर ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मल्लेश दुकान उघडं टाकून मागं धावला, आणि मल्लेशमागं धोंडुबाई.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशींच्या आणि बोकडांच्या रांगेत बुटाचा खोका बसला. डॉक्टरीण तरुण होती, संघप्रिया नावाची. धोंडुबाईनं आधी तिचं डोकं न्याहाळलं. "कुणाच्या हातचं गं? चांगलं गोल हाय."

"आईच्या," डॉक्टर हसल्या. "खायला काय देता ह्याला?"

ह्या प्रश्नाची तर धोंडुबाई वाटच बघत होती. "बदाम, खारीक, म्हशीचं निरसं दूध, अंडं. वरनं तेल, शेक, ओव्याची धुरी. पाण्याचा थेंब लावलेला न्हाय बघा अंगाला!"

डॉक्टरांचं पेन मध्येच थांबलं होतं. त्यांनी पिराजीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मावशी, सगळं उलटं झालंय. ह्याला गवत लागतं, हरळी, जास्वंदीचा पाला. दूध, बदाम, अंडं काही नको. त्या खुराकानं ते भराभर वाढलं, आणि शेगडीच्या कोरड्या धगीत पाठ अशी वर उचलली. ह्याला ओलावा पाहिजे, खोक्यात ओलसर माती. सकाळचं ऊन, फिरायला जागा, पाल्यावर चिमूटभर कॅल्शियम. आणि रोज पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, त्याच्या हनुवटीच्या खालपर्यंत, आणि पंधरा मिनिटं आंघोळ घाला."

"आंघोळ?" धोंडुबाई म्हणाली.

"ती मुख्य. हे उंचवटे मात्र आता जाणार नाहीत. दाबूनही नाही. नवी वाढ तेवढी सपाट येईल." मग त्या मल्लेशकडे वळल्या. "आणि ही जात घरात पाळायला बंदी आहे. मी वनखात्याला कळवते. सुधारलं की त्यांच्याकडं द्यावं लागेल."

धोंडुबाईला बंदीबिंदी काही ऐकू आलं नाही. "म्हंजे हे म्या केलं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी."

रिक्षात ती हात पदराखाली घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी रक्षिता स्वतः तिच्या खोलीवर गेली. धोंडुबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती.

"चला मावशी, आंघोळ घालायची हाय त्याला."

"मी न्हाय हात लावत. ह्या हातानं वाकडं झालं ते. जलमभर मिरवलं गं मी, आणि शेवटाला एक मुका जीव दिलता देवानं, त्याची पाठ मोडली."

"जीव लावलासा तुम्ही त्याला. मुद्दाम केलंसा व्हय?"

"मुद्दाम कशाला करीन? चांगलंच व्हावं म्हणून केलं की गं."

"मग? चांगलं व्हावं म्हणून केलं, त्यात तुमचा काय दोष—"

रक्षिता बोलता बोलता थांबली. आपलेच शब्द कानांवर पडल्यासारखी ती धोंडुबाईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पण मावशी... सणाचं दार मोकळं दिसू नये म्हणून चढलते गं मी. मुद्दाम न्हाय."

"न्हाय गं माझ्या लेकरा. आणि स्टुलानं काय होतंय? डाक्तरानं तवाच सांगितलंतं, नाळंची गाठ बसली म्हणून."

आणि मग रक्षिता रडली. सहा महिन्यांचं एकदम रडली. धोंडुबाईनं पदरातले हात सोडवले आणि तिला जवळ घेतलं. नुसतं धरून ठेवलं, कुठंही दाबलं नाही.

दोघी घरी आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. शांतव्वानं दोघींकडे बघितलं. "पाणी लागंल न्हवं पिराजीला," एवढंच म्हणून मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं बंबातून धूर आला. धोंडुबाईनं डोकावून बघितलं. शांतव्वा बंबात लाकडाचा एकेक तुकडा सारत होती. लाकडं कसली, दसऱ्याचं ते स्टूल होतं. चारी पाय कुऱ्हाडीनं वेगळे केलेले. धोंडुबाई पाऊल न वाजवता मागं फिरली.

मग ती परातीपाशी पाय लांब करून बसली, साडी गुडघ्यांपर्यंत सारली, पिराजीला नडग्यांवर घेतलं आणि कोपरानं पाणी बघितलं. पाणी पाठीवरून ओघळलं तशी पिराजीनं मान बाहेर काढली. पुरती, लांबच्या लांब. "आत्ता गं बया! हे मागत होता व्हय रं तू?" असं म्हणत तिनं त्याला परातीत ठेवलं, आणि तिलाच पुढचं दिसेना.

पुढचे सात महिने रोज आंघोळ झाली. दिवाळीला वनखात्याचा माणूस आला, अण्णासो नावाचा. त्याच्या स्वाधीन करण्याआधी रक्षितानं पिराजीला उन्हात धरलं. मोदक होते तसेच होते, ते आता जन्मभराचे. पण त्यांच्या मधल्या फटींत नवी वाढ आली होती, अगदी सपाट. तिनं तिथून बोट फिरवलं, धोंडुबाईलाही फिरवायला लावलं.

"पाणी कोमट, पावणं," धोंडुबाई अण्णासोला बजावत होती. "कोपरानं बघायचं. बोटानं न्हाय!"

"आवो मावशी, त्यो आता तळ्याकाठी राहणार हाय."

"तळ्याकाठी का असंना!"

जीप गेली. अंगणात रिकामी परात राहिली. रक्षिता ती उचलायला गेली नाही. दारात बसून राहिली. धोंडुबाईला वाटलं, आता आपलं ह्या घरात काय काम उरलं? तिनं पिशवीत हात घातला आणि वर्षभर मागंपुढं हिंडलेला नारळ अखेर बाहेर काढला.

"हे तुझं, पोरी. तवाच द्याया पायजे होतं. धीर झाला न्हाय."

रक्षितानं नारळ घेतला. कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी कधीच आटलं होतं, सुकलेला गोळा खडखड वाजला. बराच वेळ ती तो तसाच मांडीवर धरून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं पुसलं नाही.

"ह्याचं खोबरं करूया," ती म्हणाली. "तेल काढून घ्या. तुमच्याकडं नवा नारळ देईन मी, मावशी. आत्ता न्हाय, जरा थांबा."

"थांबते की," धोंडुबाई म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

आणि तिनं उठून परात घासायला घेतली.