बस्त्यावकाकांचा कोटा

कोणाशी नवीन ओळख झाली, की नाव-गाव विचारायच्या आधी बस्त्यावकाका विचारायचे, "इंपोर्ट की लोकल?"

आम्ही ब्रॅम्पटनला राहायला आलो त्या दिवशी मी ड्राइव्हवेवर खोकी उतरवत होते. शेजारच्या दारातून कानटोपी घातलेले, काटकुळ्या अंगाचे एक गृहस्थ आले. मी मराठी आहे हे त्यांना मी नवऱ्यावर ओरडत होते त्यावरून कळलं असावं.

"कॅनडात किती वर्षं झाली, बाय?"

"दोन होतील."

"सलग? मधे इंडियाला जाऊन राहिलात का?"

मला वाटलं, हा इमिग्रेशनचा माणूस असावा. मी घाबरून खरं ते सांगून टाकलं, की बहिणीच्या लग्नाला गेले होते, चांगली दोन महिने राहिले होते.

"मग इंपोर्टच," ते म्हणाले, आणि माझ्या हातातलं खोकं काढून घेऊन आमच्या किचनमध्ये नेऊन ठेवलं.

बस्त्याव तुस्कानो मूळचे वसईचे. तरुणपणी टोरोंटोला आले आणि सगळी नोकरी एका इन्शुरन्स कंपनीत लोकांचे क्लेम तपासण्यात घालवली. त्यामुळे समोरचा काय बोलतोय यापेक्षा तो काय गाळतोय, तिकडे त्यांचा कान जास्त असायचा. घरात ते आणि आग्नेसकाकू. मूलबाळ नव्हतं. हे मला काकूंनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं, साखर किती घालू विचारावं तितक्या सहज, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

हे 'इंपोर्ट-लोकल' प्रकरण आलं होतं रग्बी लीगमधून. त्यांच्या घरामागे मैदान होतं, तिथे एक हौशी क्लब हा खेळ खेळायचा. आपल्याकडे तो कोणाला माहीत असायचं कारण नाही. दोन्हीकडे तेरा-तेरा धिप्पाड माणसं, एकानं लांबट बॉल घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला लोळवायचं. काका म्हणायचे, "कबड्डीत बॉल घातला की झाली रग्बी लीग."

एकदा बॉल कुंपणावरून काकूंच्या मेथीत पडला. काका भांडायला निघाले, पण नियम वाचल्याशिवाय भांडणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी लीगचं नियमपुस्तक मिळवलं, वाचलं आणि मग गेले भांडायला. भांडताना कोचला त्याच्याच खेळातली दोन कलमं चुकीची माहीत आहेत हे उघड झालं. कोच ग्लेन हा गाड्या दुरुस्त करणारा आडदांड, लालबुंद माणूस. त्याला कागदपत्रांचा मनस्वी कंटाळा. त्यानं तिथल्या तिथे काकांना क्लबचा रजिस्ट्रार करून टाकलं. खेळाडू घ्यायचे, त्यांची नोंदणी करायची आणि परदेशी खेळाडूंचा कोटा सांभाळायचा हे काम. मेथी गेली ती गेलीच.

कोटा सोपा होता. मैदानात फक्त चार इंपोर्ट. इंपोर्ट म्हणजे ज्याला कॅनडात सलग तीन वर्षं झालेली नाहीत असा. आई किंवा बाप इथे कायमचे राहत असतील तर मात्र कालच उतरलेला माणूससुद्धा लोकल.

हे कलम काकांच्या अंगात भिनलं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणायच्या जेवणाला, ते टेबलाशी उभे राहून पदार्थांची वर्गवारी करायचे. श्रीखंड लोकल, कारण दूध इथलं. सुकट इंपोर्ट, कारण काकूंच्या भावानं बॅगेतून आणलेलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी एकदा पुरणपोळी पुढे केली, तर काका म्हणाले, "डाळ तिकडची, गूळ तिकडचा, लाटणारी तेवढी इथली. कोट्यात बसतेय का बघावं लागेल." आणि मग तीन खाल्ल्या.

सीझनच्या आधी खेळाडू घ्यायची धांदल असायची. ते दिवस कॉलिंग कार्डाचे. काका किचनमध्ये उभं राहून ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला फोन लावायचे. समोरचा पोरगा आपण किती टॅकल करतो, म्हणजे किती जणांना लोळवतो, ते सांगत असायचा आणि काका विचारायचे, "तुझे आईवडील कुठे राहतात?" एकदा उत्तर इंग्लंडमधला एकजण बोलू लागला. काकांना अवाक्षर कळेना. त्यांनी कुंपणावरून मला हाक मारून बोलावलं आणि रिसीव्हर हातात दिला. "तुझ्या ऑफिसात इंग्लंडची माणसं आहेत ना? बघ हा काय म्हणतोय." तो म्हणत होता, की त्याला रग्बी खेळायचीच नाहीये, राँग नंबर आहे. तरी काका दबक्या आवाजात म्हणाले, "वजन विचार."

त्याच वर्षी सिओने आला. टोंगाचा. टोंगा म्हणजे पॅसिफिकमधली बेटं, हे मला काकांनीच नकाशावर दाखवलं. वेअरहाऊसमध्ये काम, हातात वर्क परमिट आणि राहायला जागा नाही. चौथा इंपोर्ट म्हणून काकांनी त्याला घेतला, आणि बेसमेंट रिकामंच आहे म्हणून घरीही आणला. दारातून आत यायला त्याला वाकावं लागायचं. मैदानात तिघांना अंगावर घेऊन धावणारा हा गडी घरात इतका हळू चालायचा, की काकू म्हणायच्या, मांजर तरी आवाज करतं. रविवारी तिघं चर्चला जायचे आणि सिओने गायला लागला की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायची. तो काकूंना 'ममा' म्हणायचा. काकू त्याला "जेवलास?" विचारायच्या, आणि तो जेवलेला असला तरी "नाय" म्हणायचा. सुकट-भात त्याला फार आवडायचा.

"याचं पोट कोट्यात बसत नाही," काका तक्रार करायचे आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढायचे.

त्या सीझनमध्ये क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला. आणि फायनलच्या आदल्या आठवड्यात काकांना एक गोष्ट सापडली. टीममध्ये ब्रेट नावाचा ऑस्ट्रेलियन होता. साडेतीन वर्षं इथे, म्हणून लोकल. गप्पा मारताना तो सहज बोलून गेला, की मधे वडील आजारी होते तेव्हा तो बरेच महिने घरी जाऊन राहिला होता. म्हणजे सलग नाही. म्हणजे ब्रेट इंपोर्ट. म्हणजे टीममध्ये पाच इंपोर्ट.

हे दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं, आणि कधी कळलंही नसतं. काकांनी त्याच संध्याकाळी लीगला कळवलं.

लीगनं दंड केला नाही. स्वतःहून कळवलंत म्हणून आभारच मानले, आणि फायनलला चारच इंपोर्ट उतरवा असं सांगितलं. सर्वांत शेवटी नोंदलेला बाहेर, हाही नियमच होता. सर्वांत शेवटी नोंदलेला होता सिओने.

क्लबची मीटिंग ग्लेनच्या गॅरेजमध्ये भरली. लीगचे एक पदाधिकारीही आले होते. मीटिंगचं टिपण घ्यायला काकांना कोणीतरी हवं होतं म्हणून मी बरोबर गेले. सगळे काकांवर चिडलेले होते. ग्लेन तर रागानं त्यांच्याकडे बघतही नव्हता. सिओने दाराजवळ हाताची घडी घालून उभा होता. काकांनी हात वर केला.

"आई किंवा बाप इथे असेल तर खेळाडू लोकल, असं कलम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "त्यात दत्तक घेतलेला मुलगा धरतात का?"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग गॅरेज हसण्यानं भरून गेलं. ग्लेनचासुद्धा राग गेला. "बॅस्टी, तो सव्वीस वर्षांचा आहे! डायपर कोण बदलणार?" पदाधिकारी डोळे पुसत म्हणाले, की शनिवारच्या आत कोर्टातून कागद आणलात तर विचार करू. मीही हसले. हसला नाही तो फक्त सिओने. तो खाली बघत होता.

परत येताना सिओने ब्रेटच्या गाडीतून गेला. काकांच्या गाडीत मी एकटीच.

"काका, काय टाकलात! सगळे गार झाले."

काका सिग्नलला थांबले. "त्यात हसण्यासारखं काय होतं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं गंमत करतायत. त्यांचा चेहरा बघितला आणि मी खिडकीबाहेर बघू लागले.

फायनल आम्ही हरलो, थोडक्यात. सिओने बाजूला उभा राहून पाण्याच्या बाटल्या पुरवत होता. मॅच संपल्यावर टीममधलं कोणीच काकांशी बोललं नाही. सिओने आला, त्यांची घडीची खुर्ची एका हातात उचलली, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघं ओल्या गवतातून गाडीकडे गेले. थंडी सुरू झाली तसं त्याचं परमिट संपलं आणि तो टोंगाला परत गेला. एअरपोर्टवरून आल्यावर काकांनी न सांगता आमच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून टाकला.

नंतर एका रविवारी मी वाटीभर लोणचं द्यायला गेले, तर काका फोनवर होते. कानाला रिसीव्हर लावून ते वसईच्या बोलीत मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होते. थांबत होते, ऐकत होते, "हो, हो" करत होते.

"वसईला का?" मी काकूंना विचारलं.

"नाही गं. सिओनेची आई." काकू कांदा चिरत होत्या. "त्या मीटिंगच्याही आधी यांनी तिला फोनवर विचारलं होतं, सिओनेला दुभाषा म्हणून मधे बसवून. म्हणे, तुमचा मुलगा आम्ही आमचा म्हटला तर चालेल का. ती म्हणाली, मला पाच आहेत, एक तुमचा. वकिलाकडेही जाऊन आलो आम्ही. एवढ्या मोठ्या माणसाचं तसं काही होत नाही म्हणाला." त्यांनी सुरी खाली ठेवली. "फायनल हे आपलं लोकांना सांगायला कारण होतं."

"आणि आता फोनवर मधे कोण आहे?"

"कोणी नाही. सिओने बोटीवर कामाला असतो, आठवडेच्या आठवडे घरी नसतो. ती तिच्या भाषेत बोलते, हे आपल्या."

काकांनी फोन ठेवला. डोळ्यांवरचा चष्मा काढून बंडीला पुसला.

"काका, त्या काय म्हणतात ते कळतं तुम्हाला?"

"नाय गं बाय," ते म्हणाले. "पण मधेमधे त्याचं नाव येतं."