आण्णांच्या लॅपटॉपमधली माणसं

आमच्या शेजारचे आण्णा माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, हाडांवरून ओळखतात. मिरजेतल्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म एक्स-रे काढले. मंडईत एकदा एका अनोळखी माणसाला म्हणाले, "डावं मनगट कसं हाय? दोन ठिकाणी मोडलं हुतं न्हवं?" त्याच्या हातातली पिशवीच पडली. माझ्या भाचीच्या लग्नात व्याह्यांना म्हणाले, "तुमच्या बरगड्या लय देखण्या." व्याही धड जेवले नाहीत.

परवा दुपारी त्यांनी हाक मारली. "आवं बाई, तुमी शाळेत कॉम्प्युटर शिकवता न्हवं? माझी हार्डडिस्क भरलीया. एक फोटो घालायचाय, घेतच न्हाई."

दवाखान्यानं जुन्या फिल्म भंगारात काढल्या तेव्हा आण्णांनी त्या घरी आणल्या होत्या. खिडकीच्या काचेला लावून एकेकीचा फोटो काढून ठेवला होता. हजारो कवट्या, मणके, छात्या. मी सरकवत गेले आणि अंगावर काटा आला.

"ह्या वाईच्या मावशी," आण्णा कौतुकानं म्हणाले. "लय बोलायच्या." मावशी काळ्या खोबणींतून माझ्याकडं बघत होत्या.

"आण्णा, यातले थोडे पुसावे लागतील."

त्यांनी माऊस स्वतःकडं ओढला, एकेक फोटो निरखला. मग म्हणाले, "ह्यो पुसा. ह्याच्यासंगं बायको आली हुती. ह्यो बी. चार भाऊ हुते दाराशी."

कोणासोबत कोण आलं होतं, सगळं पाठ! भराभर जागा होत गेली. काही फोटोंना मात्र ते हात लावू देईनात. नीट बघितलं, तर त्या प्रत्येकात कडेला पाच बोटांची हाडं. पेशंटची नव्हेत. दरवेळी तोच हात, करंगळी वाकडी. आण्णांचा हात माऊसवर होता. त्याची करंगळी तशीच वाकडी होती.

"ही एकटी आलेली माणसं," ते म्हणाले. "मशीन बघून थरथरायची. मग मी धरून उभा ऱ्हायचो. डॉक्टर लय वरडायचे, किरणं अंगावर घेऊ नगंस म्हणून."

"बरं, झाली जागा. कुठला फोटो घालायचा?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. छातीचा एक्स-रे, वर आण्णांचंच नाव. फुफ्फुसात लिंबाएवढा पांढरा डाग. कडेला नुसता काळोख.

"सोबत कोण होतं?"

"कोण असणार?"

"पुढच्या वेळी मी येते."

आण्णा लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "सोमवारी बोलवलंय. साडेनऊला. तुमची शाळा असंल."

"रजा टाकते," मी म्हटलं.