सवलतीच्या प्रहराची आणि बाईसाहेबांच्या दुपारची हकीकत

॥ श्री ॥ नमन त्या तेजास, जे तारेवाचून आकाशी तळपते आणि ज्याचे बिल कोणास येत नाही. नमन त्या निद्रेसही, जी राजास आणि रंकास वाटेल तेव्हा लागते, परंतु घरच्या बाईस वेळ पाहून लागावी लागते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, बुधवार, ते दिवशी एका राज्यात विजेचा दर फिरला, आणि आषाढ अखेरीस तो पुन्हा मूळपदावर आला. त्यामध्ये वर्तमान कसे कसे जाहले ते यथामति, थोडे डोळ्यांनी पाहोन आणि पुष्कळसे छतास कान लावोन, लिहिले आहे. लिहिणार त्याच इमारतीत, त्या राज्याच्या बरोबर खाली राहतो. त्याचे नांव पुसो नये.

राज्य म्हणावे तर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पूर्वेस जिना, पश्चिमेस वाळत घातलेले कपडे, येणेप्रमाणे सरहद्द. राज्यावर राजश्री मुकुंदराव टिपरे विराजमान. रावांनी लाल गाड्यांच्या तळावर छत्तीस वर्षे वाहतूक नियंत्रकाची चाकरी केली, आणि कोणती गाडी कधी सुटावी हे त्यांच्या शिटीवाचून ठरत नसे, आणि गाडी उशिरा आली तर ती ड्रायव्हराची चूक आणि वेळेवर आली तर रावांचा पराक्रम, ऐशी रीत. निवृत्त होतेसमयी शिटी परत करावयाची ती विसरोन घरी आणली. मग सहा वर्षे शिटी खुंटीस आणि राव खुर्चीस टांगलेले, सोडावयास गाडी नाही, हे दुःख मोठे. आणि राज्याची खरी वहिवाट सौभाग्यवती शरयूबाईसाहेब पाहत. पहाटे पाचास उठत, रात्री दहास पाठ टेकीत. मात्र त्यांचा एक नेम होता. जेवणे आटोपोन, ओटा पुसोन, दोन वाजता आतल्या खोलीत सतरंजी टाकीत, पंखा दोनावर ठेवीत, हाती मासिक घेत, आणि दुसरे पान उलटण्याआधी डोळा लागे. चारास उठोन चहाचे आधण. सासूबाई होत्या तेव्हाही हा नेम राखला, लेक पाळण्यात होती तेव्हाही राखला, त्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरात चाळीस पाहुणे असतांही राखला. कोणी त्यास आळस म्हटले तर म्हणो, बाईसाहेब उत्तर देत नसत, कारण तोवर निजलेल्या असत.

ऐसे असतां वीजदरबाराचा माणूस येवोन नवे मीटर बसवोन गेला आणि एक कागद ठेवोन गेला. मजकूर ऐसा की, सकाळी नवापासून सायंकाळी पाचापर्यंत वीज स्वस्त, आणि नवापूर्वी व दिवेलागणीनंतर महाग. ज्याची मर्जी त्याने अर्ज करोन हा दर घ्यावा, ज्याची नसेल त्याने अष्टौप्रहर एकच घरगुती दर चालवावा. राव कागद वाचोन उठले आणि खोलीत येरझारा घालू लागले आणि चेहऱ्यावर तेज चढले, कारण सहा वर्षांनी वेळापत्रक हाती आले. मग अर्ज भरिला. घर बाईसाहेबांचे नांवे, सबब मीटरही त्यांचेच नांवे, आणि बाईसाहेब त्या समयी कणीक मळीत होत्या. राव म्हणाले, “अगं, इथं सही कर पटकन.” “कसली?” “फायद्याची.” बाईसाहेबांनी हात पदरास पुसिला, चष्मा देव्हाऱ्यापाशी राहिला होता, आणि न वाचतांच सही केली. सर्व अनर्थाचे मूळ ते हे.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरोन वेळापत्रक फ्रिजवर डकविले. नवास गिझर, पाण्याची मोटार आणि इस्त्री, तिन्ही एकदम, ही पहिली गाडी, जलद. दहास मिक्सर. दोनास घरघंटी. तीनास कपडे धुण्याचे यंत्र. चारास विजेच्या शेगडीवर रात्रीचा स्वयंपाक. पाचास सर्व बंद, आणि दिवेलागणीनंतर एकच दिवा, तोही राव जेथे बसतील तेथे. बाईसाहेबांनी वाचोन अर्ज गुजारिला, “अहो, दोनला घरघंटी? दहाला दळलं तर नाही का चालायचं?” राव वदले, “दहाला मिक्सर आहे. दोन यंत्रं एका वेळी नकोत, वायर तापते.” “मग नऊला तिन्ही एकदम कशी?” “ती जलद गाडी आहे.” छत्तीस वर्षे प्रवाशांस जे उत्तर मिळाले तेच घरी मिळाले.

मग शिटी खुंटीवरून उतरली. नवास शिटी, दहास शिटी, आणि दोनास जी शिटी वाजे ती ऐकोन घरघंटी सुरू होई आणि माझ्या छतास हादरे बसोन भिंतीवरची तसबीर तिरपी होई. गहू सरले, मग डाळी दळल्या, मग नाचणी, मग शेजाऱ्यांची ज्वारी मागोन आणिली, कारण गाडी वेळापत्रकात आहे तर ती रिकामी का होईना, सुटलीच पाहिजे. आणि बाईसाहेब पिठात माखोन उभ्या, आणि तीनास कपडे, आणि चारास भाजी, आणि सातास तीच भाजी निवलेली, आणि तीही अंधारात. आणि राव? सांगावयास लाज वाटते, परंतु बखरीत खोटे लिहू नये. दोनाची शिटी फुंकोन राव देखरेखीस खुर्चीत बसत, पोटात वरणभात, आणि पाचव्या मिनिटास मान कलती होई. शिटी दातांतच राही, सबब श्वास बाहेर पडतां बारीक वाजे आणि आत घेतां वाजत नसे, ऐशी दोन तास देखरेख चाले. घरघंटीच्या घरघरीतही त्यांची झोप मोडली नाही, येवढी शाबासकी देणे भाग आहे.

इकडे बाईसाहेबांची दशा पाहवेना. जिन्यात भेटल्या तर दोनदा एकच गोष्ट विचारीत. दुधात मीठ पडले. गुरुवारी खालच्या दत्तमंदिरात आरतीस उभ्या राहिल्या त्या खांबास टेकोन, डोळे मिटलेले, मुद्रा शांत. आरती संपली, कापूर विझला, तरी हालेनात. बाया म्हणाल्या, “काय एकाग्रता हो!” मग प्रसाद हातावर ठेवितां दचकोन बोलल्या, “झालं, झालं, थांबवते घरघंटी.” बाया हसल्या. मलाही हसू आले, परंतु त्यांचे डोळे पाहोन ते जिरले.

आषाढात राव चिंतावले. बचत जैसी योजिली तैसी कागदावर दिसेना. तेव्हा वीजदरबारी स्वारी निघाली. बाईसाहेबांचे नांव म्हणोन त्या सोबत, आणि लेखक बिलावरचे आपले नांव बदलण्याच्या कामास त्याच रिक्षात तिसरा. खिडकीवर कोळेकरबाई म्हणोन कारभारीण होत्या, बोलण्यास गोड आणि कामास चोख. त्यांनी संगणकाचा पडदा फिरवोन दाखविला आणि म्हणाल्या, “सर, रोज पावणेनऊला तुमचा वापर एकदम उसळी मारतो. गिझर का? तो महाग वेळेत पडतोय.” राव गरजले, “अशक्य! नवाच्या ठोक्याला शिटी वाजते आमच्याकडे. तुमचं मीटर मागे आहे.” “मीटरची वेळ वरून येते हो. तुमच्याकडे आत्ता किती वाजले?” रावांनी मनगट पाहिले. “अकरा वाजून पाच.” रांगेतून आठ जण एकदम ओरडले, “दहा पन्नास!” राव सर्वांकडे पाहोन म्हणाले, “सगळ्यांचीच मागे?”

तेव्हा बाईसाहेब हळूच बोलल्या, “अहो, आपलं घड्याळ पाव तास पुढं आहे. तुम्हीच केलंत, माझ्या ताईच्या लग्नाला गाडी चुकली तेव्हा. हातातलंही त्याच्यावरच लावता तुम्ही.” “मग बोलली का नाहीस?” “घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी वजा करते, लेक वजा करायची, दूधवालासुद्धा वजा करतो. मला वाटलं, तुम्हीही करता.” रांगेत खसखस पिकली. परंतु राव हारणारे नव्हेत. चूक सापडली याचाच हर्ष मानोन म्हणाले, “एवढंच ना? वेळापत्रक पाव तास सरकवतो. घरघंटी सव्वादोनला.”

“सव्वादोनला मी झोपणार आहे,” बाईसाहेब म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, तरी रांगेच्या टोकापर्यंत पोहोचला. आणि मग त्या बोलल्या ते जसेच्या तसे लिहितो. “पहाटे पाचला उठते. तुमच्या पाळ्या, सासूबाईंचं पथ्य, पोरीची शाळा, कधी मागंपुढं केलं नाही. दिवसभर मी सगळ्यांची असते. दोन ते चार तेवढी माझी असते. वीज स्वस्त झाली म्हणून मला माझी दुपार द्यायची नाही.” राव म्हणाले, “अगं, पण एवढी झोप येत होती तर...” कोळेकरबाईंनी मध्येच नम्रपणे विचारिले, “सर, दोन ते चार तुम्ही काय करता?” “देखरेख.” “डोळे मिटून,” बाईसाहेब म्हणाल्या. कोणी हसले नाही. राव खाली पाहू लागले. अडीच महिने आपण रोज जी झोप खुर्चीत बसोन जेवलो ती हिच्या ताटातली होती, हे त्यांस तेव्हा उमगले असावे, कारण कान लाल जाहले. खोटे कशास बोलू, मला त्यांचीही दया आली.

मग बाईसाहेबांनी एकच दराचा अर्ज मागितला. या खेपेस चष्मा पिशवीत होता. तो चढवोन पहिल्या ओळीपासून बारीक अक्षरातल्या शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवीत वाचिले. रांगेतले एक गृहस्थ कुरकुरले, त्यांस त्यांच्याच सौभाग्यवतीने कोपराने गप्प केले. आणि खाली सही केली, शरयू मुकुंद टिपरे, सावकाश, काना-वेलांटीसह.

श्रावण शुद्ध प्रतिपदेस नवा दर लागू जाहला, म्हणजे जुनाच लागू जाहला, नवास जो तोच दोनास आणि तोच रात्री. दुपारी दोन वाजता घर शांत. बाईसाहेबांनी सतरंजी टाकिली, पंखा दोनावर ठेविला, आडव्या जाहल्या, आणि झोप येईना! दुसरे पान सरले, तिसरे सरले. मागाहून आमच्या घरी म्हणाल्या की, जीव घाबरा झाला हो, वाटलं, गेली ती गेलीच. राव बाहेर खुर्चीत बसले होते, टक्क जागे, आणि तेही नुसते बसवेना म्हणोन दाराशी जावोन उभे राहिले. कुरिअरवाला घंटीस हात लावणार तो त्याचा हात वरचेवर धरिला. खालून लेखक कढईचे निमित्त काढोन वर गेला, खरे तर पाहावयासच गेला, तर राव कुजबुजले, “आत झोपल्यात. चारनंतर या.” छत्तीस वर्षांत या पुरुषाने कोणास हळू आवाजात काही सांगितल्याचे स्मरत नाही. ते शब्द आत ऐकू गेले. बाईसाहेब कुशीस वळल्या आणि डोळा लागला.

चार वाजले, पाच वाजले. सहास बाईसाहेब उठोन बाहेर आल्या तो घरातले सर्व दिवे लागलेले, आणि राव ओट्याशी उभे, पातेल्यात चहा उकळोन उकळोन काळा जाहलेला. “उठवलं का नाहीत?” “उठवावंसं वाटलं नाही,” राव म्हणाले, आणि कप पुढे केला. बाईसाहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि सर्व प्यायल्या.

येणेप्रमाणे दोन दरांचे राज्य जावोन एक दराचे राज्य आले. त्यात नफा की तोटा, हे राव सांगत नाहीत आणि बाईसाहेब पुसत नाहीत. पीठ आता सकाळी दळतात, माझी तसबीर सरळ आहे. ही हकीकत आजच दुपारी, वर निजानीज असतां, लिहोन पुरी केली. वाचणाराने ती मनातल्या मनात वाचावी. मोठ्याने वाचणे असेल त्याने चारनंतर यावे.